उघड्या डोक्याचा माणूस

आमच्या बारामती-इंदापूर भागात माणूस आधी डोक्यावरून ओळखला जायचा, मग चेहऱ्यावरून. आठवडे बाजारात उभं राहिलं की धनगराचं पागोटं लांबूनच कळायचं. बागायतदाराची पांढरी टोपी वेगळी, पेठेतल्या दुकानदाराची काळी टोपी वेगळी, आणि लग्नकार्यातला फेटा तर गाव, भाऊकी, ऐपत असं सगळंच सांगून टाकायचा. वडीलधाऱ्यांपुढं बोडक्यानं जायचं नाही, असा दंडक होता. भाषेतही तोच हिशेब दिसतो. फसवलं म्हणजे टोपी घातली, पक्ष बदलला म्हणजे टोपी फिरवली. अब्रूची जागा डोक्यावर, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो.

अशा मुलखात सामान्य माणसाचं सगळ्यांत गाजलेलं चित्र कोणतं, तर डोक्यावर काहीही नसलेल्या म्हाताऱ्याचं. आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’. टक्कल, कानामागून फुटलेले पांढऱ्या केसांचे झुपके, गोल नाकावर टेकलेला चष्मा, कायम वर चढलेल्या भुवया, छोटी फेंदारलेली मिशी, चौकडीचा कोट आणि धोतर. तोंड मात्र बंद. पन्नासहून अधिक वर्षं हा माणूस वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर एका कोपऱ्यात उभा होता. तो जन्मला तेव्हा असा नव्हता. हे रूप कसं घडलं, कुठं थांबलं, आणि थांबल्यावरही त्याचा अर्थ कसा बदलत गेला, ते या लेखात पाहायचं आहे. मी चित्रकार नाही, कलेचा शिकलेला अभ्यासकही नाही. जुने अंक आणि जुनी चित्रं चाळण्याची सवय तेवढी आहे. त्यामुळं रेषेच्या सौंदर्यापेक्षा कपड्यांकडं आणि डोक्याकडं माझं लक्ष अधिक जातं.

लक्ष्मण यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९२१ चा, म्हैसूरचा. कादंबरीकार आर. के. नारायण हे त्यांचे थोरले भाऊ. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयानं त्यांना प्रवेश नाकारला होता, हा किस्सा ते स्वतःच सांगत. पुढं मुंबईत ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये काम करताना बाळ ठाकरे हे त्यांचे सहकारी व्यंगचित्रकार होते. तिथून ते ‘टाइम्स ऑफ इंडिया’त गेले आणि १९५१ साली ‘यू सेड इट’ हे रोजचं छोटं चित्र सुरू झालं.

१९५१ हे साल महत्त्वाचं आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक सुरू झाली आणि ती १९५२ च्या फेब्रुवारीपर्यंत चालली. मतदार सतरा कोटींहून अधिक, आणि त्यांतले बहुतेक निरक्षर. म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी ठेवली गेली आणि पेटीवर त्याचं चिन्ह लावलं गेलं. ज्याला वाचता येत नाही त्याला चित्र ओळखता येईल, या भरवशावर एवढा मोठा कारभार उभा राहिला. सरकार उमेदवारांसाठी चित्रं शोधत होतं. त्याच सुमारास व्यंगचित्रकारापुढं उलटा प्रश्न होता : मतदाराचं चित्र कसं काढायचं?

राजा काढणं सोपं असतं, मुकुट काढला की झालं. पुढारीही सोपा. पण ‘सगळे’ कसे काढायचे? लक्ष्मण यांनी सुरुवातीला सरळ मार्ग धरला. मंत्री बोलतोय, आणि मागं गर्दीत बंगाली, तमिळ, पंजाबी, गुजराती अशी वेगवेगळ्या प्रांतांतली माणसं उभी. प्रत्येकाचा पोशाख वेगळा, डोकं वेगळं. देश दाखवायचा तर सगळे प्रांत दिसले पाहिजेत, असा त्यामागचा विचार. पण हे चित्र रोज द्यायचं होतं, आणि छापखाना कुणासाठी थांबत नाही. वेळ अपुरा पडू लागला तशी मागची माणसं एकेक करून गळत गेली. शेवटी एकच उरला. लक्ष्मण यांनी स्वतः सांगितलेली ही हकिगत आहे. एरवी पात्र घडतं ते भर घालून. हे पात्र वजाबाकीतून घडलं.

पण उरलेला तो हाच का?

वजाबाकीत आधी काय गेलं असेल, याचा विचार केला तर उत्तर डोक्यावर सापडतं. फेटा ठेवला असता तर तो शेतकरी झाला असता, आणि बांधायची पद्धत पाहून लोकांनी त्याचा प्रांतही सांगितला असता. पगडी ठेवली असती तर शीख किंवा पुणेरी. गांधी टोपी ठेवली असती तर तो त्या काळी थेट सत्ताधारी पक्षाचा कार्यकर्ताच दिसला असता. फेज टोपी, पारशी टोपी, यांतली कुठलीही एक गोष्ट ठेवली की माणसाला जात, धर्म, प्रांत नाहीतर पक्ष चिकटला. आपल्याकडं डोक्यावर काही ठेवून ‘कुणीही’ होता येत नाही. म्हणून डोकं उघडं. वर टक्कल, म्हणजे भांग कुठं, शेंडी आहे की नाही, हेही प्रश्न मिटले. माझ्या मते या पात्राच्या रचनेतला सगळ्यांत मोठा निर्णय हाच आहे, मग तो ठरवून झालेला असो वा हाताच्या सवयीनं.

खालच्या पोशाखाचंही तसंच. धोतर जवळजवळ साऱ्या देशात चालतं, नेसण्याच्या तऱ्हा तेवढ्या निराळ्या. वरचा कोट कचेरीचा, इंग्रजी अमदानीतून आलेला. अर्धा अंगावर देश आणि अर्ध्या अंगावर सरकारी कचेरी, असा तो माणूस आहे. कोटाच्या चौकडीला तर छपाईचीही बाजू आहे. त्या काळी चित्राचा जस्ताचा ब्लॉक करून तो हलक्या कागदावर छापला जाई. अशा कागदावर बारीक छटा टिकत नाहीत, काळं आणि पांढरंच टिकतं. चित्र एक रकान्याचं, माणूस बोटाच्या पेराएवढा, पुष्कळदा दाराआड नाहीतर गर्दीच्या कडेला अर्धाच दिसणारा. अशा वेळी चार आडव्या-उभ्या रेघांची चौकडी दिसली की वाचक ओळखतो, आला आपला माणूस. चेहरा दिसण्याची गरजच नाही.

आणि त्याचं गप्प राहणं? त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे : जनतेचा आवाज दाबला गेला, म्हणून तो मुका, असं. मला एक साधं कारणही दिसतं. तो ज्या दशकात स्थिरावला ते भाषावार प्रांतरचनेचं दशक. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. कोण कुठली भाषा बोलतो, यावर सरहद्दी ठरत होत्या आणि गोळीबार होत होते. अशा काळात ज्याला साऱ्या देशाचा माणूस व्हायचं आहे, त्यानं तोंड उघडलं की तो एका भाषेचा झाला. डोक्यावर काही नाही तसं तोंडात काही नाही. दोन्ही एकाच वजाबाकीचे भाग आहेत.

असा माणूस जगात पहिलाच नव्हता. लंडनच्या ‘डेली एक्स्प्रेस’मध्ये स्ट्रूब या व्यंगचित्रकाराचा ‘लिटल मॅन’ दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लोकप्रिय होता. पण त्याच्या डोक्यावर बाउलर हॅट आणि हातात छत्री असे. त्या हॅटनंच तो लंडनचा मध्यमवर्गीय ठरे, आणि तिथं ते चालूनही जाई. लक्ष्मण ज्यांना लहानपणापासून मानत त्या डेव्हिड लो यांनी कर्नल ब्लिंप रंगवला, तोही विशिष्ट वर्गाचाच. आपल्याकडं हॅटचा मार्ग बंद होता. म्हणून इंग्रजी घाटाचं चित्र इथं आल्यावर बोडकं झालं.

आता रूप बदलण्याच्या मुद्द्याकडं येऊ. जगातली गाजलेली कार्टून पात्रं काळाबरोबर बदलतात, आणि बहुधा एकाच दिशेनं बदलतात. मिकी माउस १९२८ साली आला तेव्हा काटकुळा, टोकदार नाकाचा आणि बऱ्यापैकी वात्रट होता. पुढं त्याचं डोकं मोठं झालं, डोळे मोठे झाले, हातपाय गुबगुबीत झाले. १९३९ च्या सुमारास नुसत्या काळ्या ठिपक्यांच्या जागी बुबुळं असलेले डोळे आले. स्टीफन जे गूल्ड या जीवशास्त्रज्ञानं १९७९ साली मिकीच्या डोक्याची आणि डोळ्यांची मापं घेऊन दाखवलं, की पन्नास वर्षांत हा उंदीर वयानं वाढण्याऐवजी बाळासारखा होत गेला. मोठं डोकं आणि मोठे डोळे पाहिले की माणसाला माया येते, आणि माया आली की खप वाढतो.

आपल्याकडं एअर इंडियाचा महाराजा पाहा. १९४६ साली बॉबी कूका आणि जाहिरात संस्थेतले चित्रकार उमेश राव यांनी मुंबईत तो घडवला. भलीमोठी पगडी, झुबकेदार मिशा, कमरेत वाकून केलेला मुजरा. २०१५ च्या सुमारास त्यालाही तरुण करण्याचा प्रयोग झाला : केस उभे केलेला, जीन्स आणि बूट घातलेला महाराजा. लक्ष्मण यांच्याच हातचा गट्टूही आहे. १९५४ साली त्यांनी एशियन पेंट्ससाठी काढलेला, कपाळावर केसांची बट आणि हातात ब्रश असलेला खट्याळ पोरगा. तालुक्याच्या गावांत रंगाच्या दुकानांवर तो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनीनं त्याला निवृत्त केलं. कंपनीचं पात्र गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणं बदलतं, नाहीतर जातं.

कॉमन मॅन मात्र एकदा घडल्यावर थांबला. पहिल्या काळात तो बदलला तो वेळेच्या टंचाईमुळं. पुढं कुणाला खूश करण्यासाठी बदलला नाही. १९५१ साली तो साठीचा धरला तर त्याचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. १९९१ साली तो शंभरीचा व्हायला हवा. पण तोच कोट, तेच धोतर. हे न बदलणं हीच त्याची उपयुक्तता होती. त्याच्याभोवतीचं सगळं बदलत गेलं. मंत्र्यांची अंगकाठी सुटत गेली, टेबलं मोठी झाली, टेलिफोन जाऊन मोबाइल आले, गाड्या बदलल्या. घरात पाणी किती चढलं हे पाहायला भिंतीवर खूण करतात. ती खूण हलली तर उपयोग काय?

आता वजाबाकीत जे गळाले, त्यांच्याकडं वळतो. आपल्या भागातून हे चित्र पाहायचं तर हा हिशेब टाळता येत नाही.

पहिली गळाली बाई. कॉमन मॅनला बायको आहे, ठसठशीत आहे, आणि नवऱ्याच्या उलट ती बोलते. महागाईवर, पुढाऱ्यांवर, नवऱ्यावर. पण तिला नाव नाही, आणि ‘सामान्य’ हा शब्द तिच्या वाट्याला आला नाही. योगायोग पाहा, त्या पहिल्याच निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदार यादीत राहू शकली नाहीत, कारण त्यांची नोंद अमक्याची बायको, तमक्याची आई अशी झाली होती आणि स्वतःचं नाव सांगितलं गेलं नव्हतं. हे मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत घडलं. पण जो देश बाईला नावानं नोंदवू शकत नव्हता, त्या देशाचं व्यंगचित्र तरी वेगळं काय करणार होतं?

दुसरा गळाला शेतकरी. लक्ष्मण यांनी खेडूत काढलेच नाहीत असं नाही. भेगाळलेली जमीन, पाहणीला आलेला मंत्री, आणि समोर हाडं मोजून घ्यावीत असा मुंडासंवाला माणूस, हे त्यांच्या चित्रांत वारंवार दिसतं. १९७२ च्या दुष्काळात बारामती आणि इंदापूरच्या जिरायत पट्ट्यानं जे पाहिलं ते याहून वेगळं नव्हतं. पण त्या चित्रांत कोट घातलेला आपला म्हातारा कुठंतरी बाजूला उभा असतो. दुष्काळ त्याचा नसतो. तो पाहत असतो. म्हणून मला वाटतं, त्याला जनतेचा प्रतिनिधी म्हणण्यात थोडी गफलत आहे. तो साक्षीदार आहे. प्रतिनिधी आपल्यातलाच लागतो. साक्षीदार कुठलाही चालतो, फक्त तो हजर हवा.

नीरा डाव्या कालव्यावरच्या बागायतीतल्या माणसाला, किंवा उजनीच्या पाण्याखाली घर आणि शेत गेलेल्या इंदापूरच्या माणसाला, हा कोटवाला त्या काळी आपला वाटला असेल का? वाटायचं कारण नाही. चष्मा, कोट आणि उघडं डोकं हे गावात तीन-चारच माणसांचं चिन्ह : मास्तर, पोस्टमास्तर, कोर्टातला कारकून, फार तर बँकेचा साहेब. गावाच्या नजरेनं पाहिलं तर तो शहरी आणि शिकलेला होता, ज्याच्यापुढं अर्ज घेऊन उभं राहायचं त्या बाजूचा. स्वतः साहेबापुढं अर्ज घेऊन उभा असलेला म्हातारा दुसऱ्या कुणाला साहेब वाटावा, ही त्या चित्रातली गंमत मुंबईत बसून दिसणारी नव्हती.

आणि इथंच या पात्राच्या इतिहासातलं खरं वळण आहे. रेषा बदलल्या नाहीत, पाहणारे बदलले. साखर कारखाने आले, शाळा-कॉलेजं आली, औद्योगिक वसाहती आल्या. पँट-शर्ट घराघरांत आला. टोपी आधी तरुणांच्या डोक्यावरून उतरली, मग पन्नाशीतल्यांच्या. आज बारामतीच्या एसटी स्टँडवर दुपारी उभं राहा आणि टोप्या मोजा. हाताची बोटं पुरतील. फेटा आता लग्नात भाड्यानं बांधणारा माणूस बोलावून बांधतात. साऱ्या तालुक्याचं डोकं उघडं झालं. आता कॉलेजातल्या मुलामुलींना ते जुनं चित्र दाखवलं तर त्यांना दिसतं धोतर. धोतर म्हणजे खेडं, धोतर म्हणजे पणजोबा. ज्याला पणजोबांनी शहरातला साहेब मानलं, त्याला पणतू गावाकडचा म्हातारा म्हणतो. चित्र तेच आहे. मिकीचं रूप बदलायला चित्रकारांची फौज लागली. याचं रूप बदललं ते आपण कपडे बदलल्यामुळं.

दरम्यान त्याला कागदाबाहेरही काढण्यात आलं. १९८८ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या दीडशे वर्षांनिमित्त निघालेल्या टपाल तिकिटावर तो आला. २००१ साली पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरच्या सिंबायोसिसच्या आवारात त्याचा पुतळा उभा राहिला आणि राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. देशाच्या पहिल्या नागरिकानं शेवटच्या नागरिकावरचा पडदा बाजूला केला. २००७ साली वरळीच्या समुद्रकिनारीही त्याचा पुतळा आला. पेराएवढ्या माणसाला मग वजन आलं, उंची आली, चौथरा आला. कोपऱ्यात अर्धवट दिसणं हा ज्याचा स्वभाव, त्याला मधोमध उभं राहावं लागलं. २००३ मध्ये सुरू झालेल्या एअर डेक्कन या स्वस्त विमानसेवेनंही त्याला आपलं चिन्ह केलं. एका विमानावर पगडीवाला महाराजा आणि दुसऱ्यावर बोडका सामान्य माणूस, दोघंही मुंबईत घडलेले. पुढं ती कंपनी दुसऱ्याकडं गेली, नाव बदललं आणि म्हातारा विमानातून उतरला.

मग २०१२ साली ‘आम आदमी’ याच नावाचा पक्ष निघाला, आणि त्यानं पहिली गोष्ट काय केली, तर सामान्य माणसाच्या डोक्यावर टोपी चढवली, वर अक्षरं लिहून. पक्षाच्या राजकारणाविषयी ज्याचं त्याचं मत असो. लक्ष्मण यांच्या कुंचल्यानं जी टोपी साठ वर्षं दूर ठेवली होती, ती पक्षाला पहिल्याच दिवशी लागली. प्रतिनिधी व्हायचं म्हटलं की डोकं उघडं ठेवून भागत नाही, असं यातून दिसतं.

२००३ साली लक्ष्मण यांना पक्षाघात झाला, तरी चित्रं काढणं त्यांनी सोडलं नाही. २६ जानेवारी २०१५ ला, प्रजासत्ताक दिनी, पुण्यात ते गेले. अंत्यदर्शनासाठी त्यांना सिंबायोसिसमध्ये त्याच पुतळ्याजवळ ठेवलं होतं. त्यानंतर त्या म्हाताऱ्याचं नवं चित्र निघणार नाही, हे उघड आहे.

पण १९५१ सालचा प्रश्न संपलेला नाही. आज आपल्या बारामती-इंदापुरात कुणी नव्यानं सामान्य माणूस काढायला बसला, तर आधी कोण गळेल आणि शेवटी कोण उरेल? दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो आणि बीड-नगरकडून ऊसतोड मजुरांचे तांडे आपल्या शिवारात उतरतात. त्यांचं नाव मतदार यादीत असतं ते गावाकडं, आणि विधानसभेची निवडणूक बहुधा याच दिवसांत येते, तेव्हा ते आपल्या फडात असतात. त्यांच्यातली बाई पहाटेपासून मोळ्या वाहते. लक्ष्मण यांच्या म्हाताऱ्यासारखीच तीही आपल्या वर्तमानपत्रांत फारशी बोलत नाही. फक्त तिचं डोकं उघडं नाही. त्यावर चुंबळ आहे, आणि चुंबळीवर उसाची मोळी.